गावाचं भांडवल, मुलांचा धंदा आणि न आलेले २,७०० रुपये

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिकेचं वय ४६, राहणार पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. तीन वर्षांपूर्वी गावातले व्यापारी, निवृत्त शिक्षक आणि महिला बचत गट यांच्या मदतीने त्यांनी एक संस्था सुरू केली. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदलेली आहे. आठवी ते बारावीची ३२ मुलं शनिवारी दुपारी जमतात. खर्च लिहिणं, बचत, बँकेचे व्यवहार आणि छोटा धंदा प्रत्यक्ष करून पाहणं, असं शिकवलं जातं. लोकवर्गणीच्या निधीतून यंदा दिवाळीसाठी पाच गटांना मिळून २०,००० रुपये भांडवल दिलं. दोन गटांनी ते पूर्ण परत केलं. आकाशकंदिलांच्या गटाकडून ८२० रुपये, चकलीच्या गटाकडून ८० आणि पणत्या-रांगोळीच्या गटाकडून १,८०० रुपये आले नाहीत. या तिसऱ्या गटाची रोकड एका मुलाच्या घरी होती, घरातल्या आजारपणात ती खर्च झाली. तो मुलगा आता वर्गाला येत नाही. ११,००० रुपये देणगी देणारे एक व्यापारी म्हणतात, "पालकांकडून वसूल करा, नाहीतर पोरांना फुकटची सवय लागेल." पालकांचं म्हणणं, "गावाने दान दिलं होतं, कर्ज नव्हे." त्यातच एक स्थानिक पतसंस्था दरवर्षी २५,००० रुपये द्यायला तयार आहे. अट अशी, की सगळ्या मुलांची खाती तिथेच उघडायची आणि प्रत्येक मुलाने आणखी पाच खाती आणून द्यायची. पत्रलेखिका विचारतात: वसुली करू की माफ करू? आणि पतसंस्थेचे पैसे घेऊ का?

ताई,

पत्रासोबत गटांच्या हिशेबाची पानं जोडलीत, हे फार बरं केलंत. तुम्ही तीन गट तोट्यात गेले असं लिहिलंय. पानं वाचली तर तसं दिसत नाही.

कंदिलांचं पान आधी घेऊ. भांडवल ४,०००. साठ कंदील केले, कांब्या, जिलेटिन, खळ, दोरा धरून नगाला ५५ रुपये, म्हणजे ३,३००. बाजारातली जागा आणि रिक्षा ४००. एकूण खर्च ३,७००. विकले ३८, नगाला १२० रुपयांनी, म्हणजे विक्री ४,५६० रुपयांची. यातले १४ कंदील उधारीवर गेले आणि त्यांचे १,६८० रुपये अजून यायचेत. हातात रोख आली २,८८०. भांडवलातले उरलेले ३०० मिळवून त्यांनी तुम्हाला ३,१८० रुपये आणून दिले, आणि तुम्ही त्यांच्या नावापुढे '८२० कमी' असं लिहिलंत. पण उरलेल्या २२ कंदिलांची किंमत शून्य धरली तरी या गटाला ८६० रुपये नफा आहे. उधारी आली की ८२० तुमचे चुकते होतात आणि ८६० त्यांच्या हातात राहतात. या मुलांचा धंदा बुडालेला नाही, त्यांची वसुली राहिली आहे.

आता चकली. या पानावर फक्त ८० रुपयांची तूट, म्हणून त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नसेल. दहा किलो भाजणी दळणासकट १,३००, सहा लिटर तेल ९००, तीळ-ओवा-तिखट २००, पिशव्या २००. एकूण २,६००. चकली उतरली १३ किलो. मुलांनी भागाकार केला, किलोला २०० रुपये पडले, त्यावर ४० नफा ठेवून भाव काढला २४०. बाजारात ४०० चा भाव चालू असताना आपण लोकांना स्वस्त देतोय, याचा त्यांना आनंदही झाला असणार. पण १३ किलोतली दीड किलो मोडली आणि किलोभर चव द्यायला नि घरच्यांना गेली. विकली गेली साडेदहा किलो, आले २,५२०. आणि पानाच्या तळाशी पेन्सिलने लिहिलंय 'गॅस – आईचा', पुढे रकमेचा रकाना रिकामा. पाव टाकीपेक्षा थोडा जास्त गॅस लागला असेल, २५० रुपये धरू. म्हणजे खरा तोटा ३३० रुपयांचा. शिवाय दोघींच्या आया दोन दिवस रोज सहा तास कढईसमोर होत्या, ते २४ तास कुठेच लिहिलेले नाहीत. तासाला ४० रुपये एवढे कमी धरले तरी ९६० होतात.

हीच बेरीज पुन्हा मांडू. सामान २,६००, गॅस २५०, मजुरी ९६०, एकूण ३,८१०. भागायचं १३ ने नव्हे, विकल्या गेलेल्या साडेदहा किलोने. किलोला ३६३ रुपये पडतात. बाजारातला ४०० चा भाव लूट नाही, हे मुलांना इथे कळेल, आणि हा भागाकार त्यांनी स्वतः फळ्यावर करायला हवा.

आता या दोन गटांना वसुलीचा एकच नियम लावून बघा. ज्यांनी खरोखर नफा कमावला त्यांच्या पालकांच्या दारात तुम्ही ८२० रुपये मागायला उभ्या राहाल, आणि ज्यांचा धंदा मुळातच तोट्याचा होता त्यांना ८० रुपयांवर सोडून द्याल. माफी दिली तरी तेच, दोन्ही गट 'चुकले पण सोडून दिलं' एवढंच शिकतील. म्हणून वसुली की माफी हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. पैसा परत आला म्हणजे शिकणं झालं आणि नाही आला म्हणजे बेशिस्त, हे गृहीतच तपासायला हवं. व्यापाऱ्यांनी ते धरलंय, आणि पत्राचा सूर पाहता तुम्हीही थोडंफार धरलंय.

पालकांचं 'दान होतं' हे म्हणणंही तपासू. तुमच्या नियमावलीत या पैशाला 'मदतनिधी' म्हटलंय, मुलांना देताना 'भांडवल' म्हटलं आणि सभेत 'परत आणायचं हं' असं तोंडी सांगितलं. एकाच पैशाला तीन नावं दिली तर प्रत्येक जण आपल्या सोयीचं नाव धरणारच. यात पालकांचा लबाडपणा काही नाही.

कर्ज म्हणून वसूल करायचं ठरवलं तर कायदाही साथ देणार नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) दिलेल्या निकालापासून हे पक्कं आहे. मुलाच्या सहीच्या चिठ्ठीला काही किंमत नाही. पालकांची सही घेतलीत तर ते पालकांचं कर्ज होतं, आणि मग परवडणाऱ्या घरची मुलंच धंदा करून पाहतील. ज्यांच्यासाठी तुम्ही संस्था काढलीत ती मागे हटतील. व्याज लावायचा विचार तर अजिबात करू नका.

गावाने मुलांना पैशाचं पाठबळ द्यायचं, पण ते कोणत्या रूपात, हा प्रश्न जुना आहे. १९१९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला ज्युनिअर अचीव्हमेंट ही संस्था सुरू झाली. तिच्या पद्धतीत मुलांचा गट छोटी कंपनी काढतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना थोड्या थोड्या पैशांचे भाग (शेअर) विकून भांडवल उभं करतो, वस्तू करून विकतो आणि मुदत संपली की कंपनी बंद करून उरलेलं वाटून टाकतो. तोटा झाला तर भागधारकाला कमी मिळतं, हे सगळ्यांना पहिल्या दिवशी ठाऊक असतं. त्याच १९१९ साली कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिथे घराघरांतून मुठीमुठीने धान्य जमलं आणि मुलांनी कष्ट करून शिकायचं अशी रीत पडली. ते धान्य कुणी परत मागितलं नाही, पण मुलाने काम चुकवलं तर ते सगळ्यांना दिसे. दोन्ही ठिकाणी पैसा कशाचा आहे आणि त्याच्या बदल्यात मुलाने काय द्यायचं, हे आधीच ठरलेलं होतं. तुमच्याकडे तेवढंच राहून गेलं.

ते आता ठरवा. तुमच्या बचत गटाच्या बायकांना 'फिरता निधी' हे नाव सवयीचं आहे, तेच वापरा. पुढच्या वर्षीपासून गावाकडून येणाऱ्या पैशाचे दोन भाग करा. पहिला भाग देणगीचा: खोली, वह्या, सहली, बाहेरून बोलावलेल्या माणसांचा प्रवासखर्च. तो खर्च होतो, परत येत नाही. दुसरा भाग फिरत्या निधीचा: तो गटांकडे जातो, परत येतो आणि पुढच्या गटांना मिळतो. पावतीपुस्तकावर दोन वेगळे रकाने ठेवा आणि देणगीदाराला पैसे देतानाच विचारा, कशात घालू? फिरत्या निधीच्या रकान्याखाली एक ओळ छापा: 'या निधीतील १५ टक्क्यांपर्यंत रक्कम मुलांच्या शिकण्यात तोटा म्हणून जाऊ शकते, हे मला मान्य आहे.'

पंधरा टक्के कशासाठी, ते तुमच्याच आकड्यांवरून बघा. कंदिलांची उधारी येऊन ८२० चुकते झाले, चकलीवाल्या घराला गॅसचे २५० दिलेत (ते द्याच), तर एकूण तूट राहते १,८०० आणि ३३०, म्हणजे २,१३०. वीस हजारांच्या अकरा टक्क्यांच्या आत. पंधरा टक्क्यांची, म्हणजे ३,००० ची तरतूद आधीच बाजूला असती तर या पत्राचं अर्धं दुःख उरलं नसतं. तरतूद शून्य ठेवली तर मुलं सुरक्षित, बिनकामाचेच धंदे निवडतात. तीस टक्के ठेवली तर व्यापाऱ्यांचं म्हणणं खरं ठरायला वेळ लागणार नाही.

आणि गटाची जबाबदारी? पैसा आला नाही तर पैसा नका मागू, हिशेब मागा. रोजमेळ (रोजच्या रोखीच्या जमाखर्चाची वही), खरेदीच्या पावत्या, उधारीची यादी, उरलेला माल आणि 'पुढच्या वेळी आम्ही काय वेगळं करू' असं एक पान. हे पूर्ण झालं की तूट तरतुदीतून भागवायची. ज्या गटाने हे दिलं नाही त्याला पुढच्या वर्षी भांडवल नाही, मग भले त्याने पैसे पूर्ण परत केलेले असोत. हा नियम कडक वाटेल, पण सैल करू नका. तुमच्या ज्या दोन गटांनी सगळे पैसे परत केले त्यांची पानं तुम्ही पाठवली नाहीत. तीही मागवा आणि पैसे कुठून आले ते बघा. तूट पडल्यावर वडिलांच्या खिशातून भर घालून 'पूर्ण परतफेड' दाखवणं हे अशा उपक्रमांत नेहमी होतं. त्यात कुणी वाईट नसतं, पण मूल काही शिकत नाही आणि संस्थेला खोटी खात्री वाटत राहते.

उधारीचं काम मात्र याच आठवड्यात करा, जुनी उधारी येणं अवघड होत जातं. मुलांना मोठ्यांकडे पैसे मागायला लाज वाटते. 'काकू, कंदिलाचे पैसे…' एवढं बोलून गप्प होतात आणि काकू 'देते हं' म्हणून आत जातात. त्यांच्याकडून वर्गात दोन-दोन जणांचा सराव करून घ्या. चिठ्ठीवर नाव, तारीख, नग आणि रक्कम लिहायची. नमस्कार करून म्हणायचं, "काकू, आमचा हिशेब शनिवारी बंद होतोय. तुमचे १२० रुपये यायचेत. आत्ता देता की शुक्रवारी संध्याकाळी येऊ?" 'कधी द्याल' असं विचारलं की तारीख मिळत नाही, दोन वेळा समोर ठेवल्या की मिळते. आणि ताई, त्या १४ नावांची यादी तुमच्या वर्गणीदारांच्या यादीशेजारी ठेवून एकदा वाचा. काही नावं दोन्हीकडे निघाली तर तुम्ही स्वतः जाऊन बोला. व्यासपीठावर देणगी जाहीर करून मुलांचे १२० रुपये थकवणं, हे सांगायला अवघड असलं तरी सांगायला हवं. मुलांच्या धंद्याला गावाचा पाठिंबा म्हणजे पहिल्यांदा वेळेवर पैसे देणं.

आता तिसरा गट. मला सगळ्यात काळजी या मुलाची वाटते. त्याने चोरी केलेली नाही आणि धंदाही बुडवलेला नाही. घरात माणूस आजारी असताना कपाटात पैसे होते, ते वापरले गेले. कुठल्याही घरात हेच झालं असतं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या घरी हजारोंची रोकड ठेवायला दिली, ही संस्थेची चूक, आणि हिशेबात ती तशीच लिहा: 'रोकड सांभाळण्याची व्यवस्था नव्हती, १,८०० रुपये, तरतुदीतून भागवले.' मुलाचं नाव नको, आजारपणाचा उल्लेखही नको.

त्याच्या घरी तुम्ही स्वतः जा. सोबत व्यापारी नकोत, समितीही नको. आधी आजारी माणसाची चौकशी करा. निघताना मुलाला सांगा, "पैशाचं संस्था बघेल. तू शनिवारी ये, खरेदीला माणूस कमी पडतोय." घरच्यांनी पैसे द्यायची इच्छा दाखवली तर घ्या, मुदत घालू नका, पावती नक्की द्या. त्याला लगेच गल्ल्यावर बसवू नका. तोच अवघडेल. जोडीने करायचं खरेदीचं काम द्या आणि पुढच्या हंगामात गल्ल्याची पाळी इतरांसारखी त्याच्यावरही येऊ द्या. त्याची पाळी वगळली तर वर्गाला ते कळतंच.

रोकडीची व्यवस्था अशी करा. एका घरी ५०० च्या वर रोख कधीच नाही. दोन कुलपांची पेटी, दोन किल्ल्या दोन मुलांकडे, पेटी संस्थेच्या खोलीत. विक्रीच्या दिवशी संध्याकाळी दोघांनी मोजायचं, रोजमेळात दोघांच्या सह्या, दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. सध्या तुमच्या मोबाइलवर पैसे येतात असं पानांवरून दिसतं, ते आजच बंद करा. तुमच्यावर कुणाचा अविश्वास आहे म्हणून नव्हे. तुमच्या घरखर्चाच्या नोंदींत मुलांची विक्री मिसळली की उद्या तुम्हालाही वेगळी काढता येणार नाही, आणि लेखापरीक्षक विचारेल तेव्हा उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

पतसंस्थेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या अटीवर पैसे घेऊ नका. पाच-पाच खाती आणायला लावणं म्हणजे मुलांना बिनपगारी एजंट करणं. मुलगा मागे लागला म्हणून मामाने, आत्याने, शेजाऱ्याने ठेव ठेवली आणि उद्या काही बरंवाईट झालं, तर ते नातं त्या मुलाच्या नावावर तुटतं. पतसंस्था चांगली असेल, संचालक ओळखीचे असतील, तरी एक फरक मुलांना शिकवायलाच हवा: बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. पैशाचं शिक्षण देणाऱ्या संस्थेने हे शिकवायचं आणि ३२ मुलांची खाती मात्र पतसंस्थेतच उघडायची, हे जमणार नाही.

त्यांना तोडून बोलायची गरज नाही. पत्र लिहा, की बिनशर्त देणगीचं स्वागत आहे, त्यांच्या नावाची पाटी वर्गात लावू, त्यांच्या व्यवस्थापकाने येऊन ठेव आणि कर्जाचे व्याजदर यांवर एक तास घ्यावा, फॉर्म मात्र वाटायचे नाहीत. बिनशर्त द्यायला तयार झाले तर आनंदाने घ्या. नाही झाले तर अटीमागचा हेतू कळला. मुलांची खाती ज्याला जिथे जवळ पडेल त्या बँकेत किंवा पोस्टात उघडू द्या. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनांनुसार दहा वर्षं पूर्ण झालेली मुलं, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, बचत खातं स्वतः उघडून स्वतः चालवू शकतात. खात्यात उणे शिल्लक होऊ देत नाहीत. शाखेत 'पालकांना घेऊन ये' असं सांगितलं तर या सूचनांचा उल्लेख करून शाखाधिकाऱ्यांशी बोला, बऱ्याचदा खिडकीवरच्या माणसाला त्या ठाऊक नसतात. स्लिप भरणं, पासबुक छापून घेणं हे मुलाने स्वतः करायचं, तुम्ही बाकावर बसून राहायचं.

बचतीतून बँक समजून घ्यायची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत १९९१ मध्ये सुरू झालेल्या मेलजोल संस्थेच्या कामातून मुलांच्या बचतीचा 'अफलातून' कार्यक्रम उभा राहिला आणि २००५ पासून तो ॲमस्टरडॅममधल्या संस्थेमार्फत जगभर गेला. मुलांनी आपली बचत आपणच मोजायची, आपणच लिहायची आणि ती कशासाठी हेही आपणच ठरवायचं, हा त्याचा गाभा. तुमच्या शनिवारच्या वर्गाला तेवढं सहज जमेल.

पुढच्या दिवाळीसाठी काही गोष्टी आत्ताच पक्क्या करा. भांडवल एकरकमी देऊ नका, दोन हप्त्यांत द्या. पहिल्या हप्त्यात चाळीस टक्के, त्यातून नमुना करायचा: चकलीचा एक किलोचा घाणा, पाच कंदील. नमुना वीस घरी दाखवायचा, भाव सांगायचा आणि आगाऊ मागणी लिहून घ्यायची, निम्मी रक्कम तिथेच घेऊन. साठ कंदील ठरवले आणि आगाऊ मागणी पंधराचीच आली, तर पंचवीसच करायचे. दुसरा हप्ता मागणीची यादी आणि भावाचं पान बघूनच सोडायचा. भावाच्या पानावर सामान, इंधन, मजुरी, वाहतूक-जागा, वेष्टन आणि मोडतोड अशा सहा ओळी छापून द्या. घरातून फुकट आलेल्या वस्तूचीही रक्कम लिहायचीच, रकाना रिकामा चालणार नाही.

अमेरिकन पद्धतीसारखे भाग विकायचा मोह होईल. आपल्याकडे नको. परताव्याचं आश्वासन देऊन लोकांकडून पैसे गोळा करण्यावर २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याची कडक बंधनं आहेत, आणि उत्साहात एखादा मुलगा 'दुप्पट देऊ' म्हणून जाईल. आगाऊ मागणीत गावाचा सहभागही येतो आणि बदल्यात ठरलेली वस्तू मिळते, गुंता राहत नाही.

उधारी पूर्ण बंद करू नका, गावात ते टिकणार नाही. एकूण नगांच्या दहातला एक, एवढीच उधारी, आणि गटातल्या एकाच मुलाच्या वहीत. कंदील लक्ष्मीपूजनाच्या सकाळी निम्म्या भावाला काढायचे हे आधीच ठरवून ठेवा. ६० ला विकला तरी ५५ चं सामान निघतं, दुसऱ्या दिवशी तो कुणी घेत नाही. यंदाच्या २२ कंदिलांच्या कांब्या सोडवून ठेवा, कागद जाईल पण सांगाडा चालेल, आणि पुढच्या गटाला ते विकत घ्यायला लावा, फुकट देऊ नका.

खाण्याच्या पदार्थांबाबत दोन गोष्टी. घरगुती, लहान प्रमाणातल्या विक्रीलाही अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, म्हणून ज्या बचत गटाकडे ती आहे त्याच्याशी जोडून काम करा आणि त्यांना त्याचा मोबदला द्या. आणि तापल्या तेलाच्या कढईशी मुलं नकोतच. तुमची आठवीची मुलं तेरा वर्षांची आहेत. चौदाखालच्या मुलांना कामाला लावण्यावर १९८६ च्या बालकामगार कायद्याने, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, जवळपास पूर्ण बंदी आहे. घरच्या कामात शाळेचा वेळ सोडून हातभार, एवढीच मुख्य सूट. तुमचा वर्ग हा शिक्षणाचा उपक्रम आहे, तो तसाच दिसला पाहिजे आणि असला पाहिजे: ठरावीक तास, शाळा बुडवायची नाही, रोजंदारी नाही, रात्रीची विक्री नाही. आठवी-नववीच्या मुलांना बाजारभाव विचारणं, हिशेब, वेष्टनाची चिठ्ठी लिहिणं एवढंच द्या.

बारावी झालेली, १८ पूर्ण केलेली मुलं तुमच्याकडे भांडवल मागतील तेव्हा नाही म्हणायला शिका. त्यांची गरज मोठी असते आणि तुमचा निधी त्यासाठी नाही. त्यांना जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत पाठवा, तिथलं प्रशिक्षण मोफत आणि निवासी असतं. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे वर्ग आहेत. १९९२ पासून काम करणारा भारतीय युवा शक्ती ट्रस्ट कर्ज मिळवून देण्याबरोबर अनुभवी उद्योजकाचं मार्गदर्शन जोडून देतो. अर्ज भरताना सोबत बसणं, एवढी मदत तुमच्याकडून पुरे.

राहिले व्यापारी. त्यांचा राग मी वाईट मानत नाही. ११,००० देऊन हिशेब मागणारा माणूस, देऊन विसरणाऱ्यापेक्षा संस्थेच्या जास्त उपयोगाचा असतो. पण देणगी दिली म्हणून मुलांच्या घरी काय करायचं ते त्यांनी ठरवायचं नाही, ते समितीने ठरवायचं. त्यांना कंदिलाचं आणि चकलीचं पान समोरासमोर ठेवून दाखवा आणि विचारा, "यातल्या कोणाकडून किती वसूल करू?" आयुष्यभर गल्ल्यावर बसलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळेल. मग त्यांनाच सांगा, की उधारी कशी द्यायची नि कशी आणायची, यावर दोन शनिवार तुम्ही शिकवा. (पुढच्या देणगीबद्दल एक आठवण: २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही. ज्याला सगळे ८० जी म्हणतात ती मान्यता तुमच्या संस्थेकडे असली तरीही. त्यांना चेकने किंवा खात्यावर द्यायला सांगा.)

आणि हे सगळं बंद खोलीत उरकू नका. हिशेबसभा बोलवा: देणगीदार, पालक, बचत गट, शाळेचे शिक्षक. प्रत्येक गटाला दहा मिनिटं, मुलांनी स्वतः फळ्यावर आकडे मांडायचे, शेवटी 'पुढच्या वेळी काय' ते पान वाचायचं. मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही, प्रश्न नंतर. तिसऱ्या गटाच्या पैशाबद्दल मुलांनी नाही, तुम्ही उभं राहून बोला, दोन वाक्यांत. फिरत्या निधीचा नियम, पंधरा टक्क्यांची तरतूद आणि पतसंस्थेला काय कळवलं, हे त्याच सभेत ठराव म्हणून मांडा आणि इतिवृत्तात लिहा. सभा संक्रांतीच्या आधी घ्या. त्यानंतर दहावी-बारावीची मुलं परीक्षेच्या तयारीला लागतात आणि कंदिलाच्या गटातली मोठी मुलं तुमच्या हाती लागायची नाहीत.